पाताळाचे नकाशे

गेल्या पावसाळ्यात एके दुपारी शाळेच्या संगणकावर नववीतल्या मुलांना मी एका जुन्या परदेशी खाणीची त्रिमिती प्रतिकृती दाखवीत होतो. भूगोलाच्या पुस्तकात खाणीचे चित्र असते ते उभ्या छेदाचे. एक विहीर, तिला फुटलेले दोन-चार आडवे बोगदे आणि तळाशी टोपी घातलेला एक मनुष्य. येथे तसे नव्हते. पडद्यावरची टेकडी बाजूला सारता येत होती, तिच्या पोटातली खाण हवी तशी फिरविता येत होती. एकेका मजल्याचे बोगदे वेगवेगळ्या रंगांनी दाखविलेले होते. झाडाची माती काळजीपूर्वक धुऊन काढल्यावर मुळांचे जाळे जसे दिसावे, तसे ते सारे दिसत होते. मुले हरखून गेली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला, त्याने एका निळ्या बोगद्याच्या टोकावर बोट ठेवले आणि विचारले, "सर, इथे खाण संपली का?"

मी "हो" म्हणालो आणि तास संपला.

हा मुलगा खाणकामगाराच्या घरातला. त्याचे आजोबा आमच्या पेंच खोऱ्यात भूमिगत कोळसा खाणीत आयुष्यभर राबलेले. घरी परतताना माझे ते "हो" मलाच टोचू लागले. बोगद्याची रेघ जेथे थांबते तेथे खाण थांबलेली असते, असे मी कशावरून म्हणालो? तेथे कदाचित केवळ नकाशा थांबलेला असेल. या दोहोंत किती अंतर असू शकते, आणि त्या अंतराची किंमत कोण चुकवितो, याची एक गोष्ट मला ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी मी ती मुलांना सांगितली. येथे ती थोडी विस्ताराने सांगतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सॉमरसेट परगण्यात क्यूक्रीक नावाची कोळसा खाण आहे. २४ जुलै २००२ च्या रात्री नऊच्या सुमारास तेथे अठरा कामगार दोन तुकड्यांत भूगर्भात काम करीत होते. त्यांच्या शेजारीच सॅक्समन ही जुनी खाण होती; १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ती बंद पडली होती आणि तेव्हापासून तिच्या पोकळ्यांत पाणी साचत आले होते. हे सर्वांना माहीत होते. मालकांजवळ सॅक्समनचा नकाशा होता, आणि त्या नकाशाप्रमाणे जुने खाणकाम अजून सुमारे ३०० फूट दूर होते. प्रत्यक्षात ते भिंतीपलीकडेच होते. कोळसा कापणाऱ्या यंत्राने भिंत फोडली आणि चाळीस वर्षांचे साचलेले पाणी कोट्यवधी गॅलनांच्या लोंढ्याने आत आले.

ज्या तुकडीवर पाणी आले, तिने पहिले काम केले ते आतल्या दूरध्वनीवरून दुसऱ्या तुकडीला सावध करण्याचे. ती दुसरी तुकडी धडपडत बाहेर पडली. सावध करणारे नऊजण मात्र अडकले. जमिनीखाली सुमारे २४० फुटांवर, चार फुटांहून थोड्या अधिक उंचीच्या बोगद्यात, चढाच्या बाजूला ते सरकत गेले. पाणी मागून चढतच होते. एकाचेही प्रेत हरवू नये म्हणून त्यांनी स्वतःला एकमेकांशी बांधून घेतले. घरच्यांना चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्या एका डब्यात बंद करून ठेवल्या.

वर, एका शेतात, रात्रीच मोजणी सुरू झाली. भूगर्भातली माणसे सर्वांत उंच अशा कोणत्या जागी गेली असतील याचा अंदाज खाणीच्या चालू नकाशावरून बांधायचा, त्या जागेच्या नेमके वर शेतात खूण करायची, आणि तेथे सहा इंचांचे छिद्र पाडायचे. उपग्रहांच्या साहाय्याने जागा ठरली. पहाटे छिद्र खाली पोहोचले. वरून नळीवर ठोके दिले, तर खालून उत्तर आले. नऊ ठोके! मग त्या छिद्रातून दाबाची गरम हवा सोडण्यात आली. तिने श्वासाची सोय झाली आणि चढत्या पाण्यालाही अडथळा झाला. त्यानंतर तीस इंच रुंदीची मोठी विहीर पाडण्यास आरंभ झाला. सुमारे शंभर फुटांवर तिचे पाते तुटले आणि कित्येक तास वाया गेले. अखेर २७ जुलैच्या रात्री विहीर खाली पोहोचली, आणि पोलादी पिंजऱ्यातून, एकामागून एक, नऊच्या नऊजण २८ जुलैच्या पहाटेपर्यंत जिवंत वर आले. भूगर्भात त्यांनी सत्त्याहत्तर तास काढले होते.

वाचकहो, या गोष्टीतला जो भाग वर्तमानपत्रांत फारसा गाजला नाही, तो मला अधिक मोलाचा वाटतो. या नऊजणांना संकटात लोटले ते एका खोट्या नकाशाने, आणि त्यांना वाचविले ते एका खऱ्या नकाशाने. स्वतःच्या खाणीचा नकाशा काही हातांनी जरी चुकला असता तरी ते पहिले छिद्र अखंड कोळशात जाऊन थांबले असते आणि नऊ ठोके कुणालाच ऐकू आले नसते. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की सॅक्समन खाणीचा अखेरचा, पुढचे खाणकाम दाखविणारा नकाशा अस्तित्वात होता. विंडबर या गावच्या एका छोट्या कोळसा-संग्रहालयात, एका जुन्या सरकारी खाण-निरीक्षकाच्या कागदपत्रांत तो पडून होता. कुणाच्या तरी घरातून ते कागद श्रद्धेने तेथे आले होते. ज्यांना त्यांची गरज होती त्यांना त्यांचा पत्ता नव्हता.

मग जुने नकाशे चुकतात तरी कसे? याचे पहिले उत्तर साधे आहे. खाण बंद पडण्यापूर्वीचे शेवटचे महिने घाईचे असतात. छत तोलून धरण्यासाठी मागे ठेवलेले कोळशाचे खांबसुद्धा परतताना काढून घेतले जातात, मालकाचा पैसा संपत आलेला असतो, आणि भूमापकाला पुन्हा खाली पाठविण्याचा खर्च कुणालाच नको असतो. काही ठिकाणी शेजाऱ्याच्या हद्दीत शिरून कोळसा काढलेला असतो. तो अर्थातच नकाशावर उतरत नाही. कागदही आपल्या स्वभावाने दगा देतो, दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. मापांचीही गंमत आहे. जुन्या इंग्रजी नकाशांची साखळी ६६ फुटांची. आपला गुंठा ज्या ३३ फुटी साखळीने मोजला गेला ती तिची निम्मी. कोणती साखळी वापरली हे कोपऱ्यात लिहिलेले नसेल, तर खाण दुप्पट तरी होते किंवा अर्धी तरी.

परंतु सर्वांत फसवे प्रकरण होकायंत्राचे आहे. भूगर्भात तारे दिसत नाहीत, सूर्य दिसत नाही. जुन्या भूमापकाला दिशा सांगणारी एकच सोबत, ती म्हणजे चुंबकसूची. ही सूची खऱ्या उत्तरेकडे पाहत नाही, आणि तिच्या चुकण्याचे मापही कायम राहत नाही. १८२० च्या सुमारास लंडनमध्ये ती खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेस सुमारे २४ अंश वळलेली होती. आज तेथे हा फरक जवळजवळ शून्य आहे. त्या काळचा नकाशा आज तसाच्या तसा जमिनीवर ठेवला, तर शंभर मीटर लांबीच्या बोगद्याचे टोक चाळीस मीटरांहून अधिक बाजूला पडते. नकाशावर तारीख असेल तर तो किती वळवावयाचा हे गणिताने काढता येते. तारीखच नसेल, तर त्या सुबक, रंगविलेल्या, कापडावर चिकटविलेल्या कागदाची योग्यता भिंतीवरच्या चित्राहून अधिक नाही. मुलांना वहीच्या प्रत्येक पानावर दिनांक घालावयास लावणारे आम्ही मास्तर लोक उगाच बदनाम आहोत!

हा धोका काही नव्याने ध्यानात आलेला नाही. इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या हीटन खाणीत ३ मे १८१५ रोजी शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणकामातले पाणी घुसले आणि पंच्याहत्तर माणसे व मुले मृत्युमुखी पडली. पाणी उपसून आत पोहोचायला कित्येक महिने लागले. काहीजण पाण्याच्या वरच्या बाजूला काही काळ जिवंत राहिले होते असे तेव्हा दिसून आले. त्याच वर्षी विल्यम चॅपमन या अभियंत्याने खाणींचे नकाशे जपून ठेवण्याचा कायदा करावा असा आग्रह धरला. कायदा मात्र १८७२ साली झाला; तेव्हा कोठे बंद पडणाऱ्या खाणीचा नकाशा सरकारात जमा करणे बंधनकारक झाले. मधली सत्तावन्न वर्षे सरकारी विचारविनिमयात गेली. असो.

या मधल्या काळातला एक गृहस्थ मला फार आवडतो. त्याचे नाव थॉमस सॉपविथ. हा न्यूकॅसलचा, घरचा धंदा सुतारकामाचा आणि स्वतःचा भूमापनाचा. सपाट कागदावर खाण नीट समजत नाही, कारण खाणीत मजल्याखाली मजले असतात, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने लाकडाच्या प्रतिकृती घडविल्या. डीनच्या अरण्यातील कोळशाच्या थरांची त्याची प्रतिकृती तर अशी होती की वरचे थर उचलून बाजूला ठेवावेत आणि खालचे पाहावेत. १८३८ साली त्याने विद्वानांच्या सभेत खाणींच्या नोंदी जतन करण्याची मागणी केली आणि १८४० साली लंडनमध्ये खाण-नोंदींचे सरकारी कार्यालय सुरू झाले. आमच्या मुलांनी संगणकावर टेकडी बाजूला सारली, तेव्हा ती नकळत सॉपविथच्या लाकडाचा थरच उचलीत होती.

आजच्या त्रिमिती प्रतिकृतीची घडण ऐकली म्हणजे तिच्यातही सुतारकामच अधिक असल्याचे ध्यानात येते. प्रथम जुन्या नकाशाची मोठी छायाप्रत संगणकात घ्यावयाची. मग त्यावरच्या दोन-चार अशा खुणा शोधावयाच्या, ज्या आजही जमिनीवर आहेत; खाणीच्या विहिरीचे तोंड, एखादे जुने देऊळ वा चर्च, रस्त्याचे वळण. त्या खुणांवर नकाशा ताणून, वळवून बसवावयाचा. नंतर प्रत्येक बोगद्याची रेघ हाताने गिरवावयाची आणि तिला खोली द्यावयाची. जेथे माणूस अद्याप आत जाऊ शकतो, तेथे लेझर किरण सोडून भिंतींची मोजणी करतात. लक्षावधी बिंदूंचा एक दाट मेघ तयार होतो आणि त्यातून भिंतीचा खडबडीतपणा, क्वचित हत्यारांच्या खुणासुद्धा उमटतात. पाण्याने भरलेल्या पोकळीत ध्वनिलहरी सोडून तिचा आकार काढतात.

या शेवटल्या प्रकारातला एक प्रयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडातील स्टॅफर्डशायरमध्ये एक्टन येथे तांब्याची अतिप्राचीन खाण आहे. ब्राँझयुगापासून तेथे खणले गेले आहे. अठराव्या शतकात ती डेव्हनशायरच्या ड्यूकांच्या हाती आली आणि भरभराटीस चढली. नदीच्या पातळीखाली सुमारे ३०० मीटरपर्यंत ती पोहोचली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाणी उपसणे थांबले आणि नदीच्या पातळीखालची सारी खाण बुडाली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे तेथे कुणी गेले नव्हते. २०१९ साली युरोपीय देशांच्या एका संयुक्त योजनेत तयार झालेले, साठ सेंटिमीटर व्यासाचे एक गोल यंत्र त्या पाण्यात सोडण्यात आले. त्याला दोर बांधून ओढायचे नव्हते. ते स्वतः वाट शोधीत, दिव्यांच्या प्रकाशात चित्रे घेत, ध्वनीने व किरणांनी भिंती मोजीत खाली उतरले. फिनलंड, स्लोव्हेनिया व पोर्तुगाल येथील बुडालेल्या खाणी पाहून मग ते एक्टनला आले होते. जेथे नकाशावर पूर्वजांचा शब्द एवढाच आधार होता, तेथे आता मोजलेली भिंत आली.

तरीही या नव्या साधनाविषयी एक शंका माझ्या मनात राहतेच. फाटक्या, डागाळलेल्या कागदाकडे पाहताच मनुष्य सावध होतो. संगणकावरचा गुळगुळीत निळा बोगदा मात्र मोजून काढलेला असो की अंदाजाने ओढलेला असो, सारखाच देखणा दिसतो. म्हणून खरे जाणकार आपल्या प्रतिकृतीत मोजलेला भाग ठळक आणि तर्काने जोडलेला भाग तुटक दाखवितात, आणि प्रत्येक रेघ कोणत्या सालच्या कोणत्या कागदावरून घेतली याची नोंद तिलाच चिकटवून ठेवतात. मी मुलांना दाखविलेल्या प्रतिकृतीत तसे काही नव्हते. ते मी पाहायला हवे होते.

आणि नोंद असून भागत नाही, ती उघडणारा हात हवा. २१ मार्च १९७३ रोजी यॉर्कशायरच्या लॉफ्टहाऊस खाणीत जुन्या बुजलेल्या विहिरीतले पाणी घुसले आणि सात कामगार गेले. ती विहीर किती खोल गेली होती, हे एकोणिसाव्या शतकातल्या एका हस्तलिखित टिपणवहीत नमूद होते. ती वही जवळच्याच लीड्स शहरात सरकारी भूविज्ञान संस्थेत सुरक्षित होती. सुरक्षित होती, इतकेच. आज ब्रिटनमधील कोळसा खाणींची जुनी तोंडे आणि पेनसिल्व्हेनियातील जुन्या खाणींचे नकाशे सामान्य नागरिकालाही घरबसल्या संगणकावर पाहता येतात. क्यूक्रीकच्या रात्रीनंतर त्या राज्याने संग्रहालयांतून व खासगी घरांतून नकाशे गोळा करण्याची मोहीमच हाती घेतली.

आपल्याकडे हा विषय अधिक जवळचा आहे. राणीगंज येथे कोळसा काढण्यास १७७४ साली आरंभ झाला. म्हणजे अडीचशे वर्षांच्या पोकळ्या आपल्या पायांखाली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा कायदा येण्याच्या आधीच्या. १० डिसेंबर १९५४ रोजी आमच्याच पेंच खोऱ्यात न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरले आणि त्रेसष्ट कामगार बुडाले. तेव्हा हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. २७ डिसेंबर १९७५ चे चासनाळा तर सर्वांच्या स्मरणात असेल. वरच्या जुन्या खाणकामातले पाणी खाली कोसळले आणि ३७५ माणसे गेली. 'काला पत्थर' हा चित्रपट त्याच घटनेवरून सुचलेला. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महाबीर खाणीत असेच जुने पाणी फुटले, सहाजण बुडाले, पासष्ट अडकले. तेथे जसवंतसिंग गिल या अभियंत्याने छिद्र पाडून पोलादी पिंजरा खाली सोडला. इतकेच नव्हे, तर त्यात बसून स्वतः खाली उतरले आणि पासष्टही जण वर आले. क्यूक्रीकला जे जगाने दूरदर्शनवर पाहिले, ते राणीगंजला तेरा वर्षे आधी झाले होते.

आपला नियम असे सांगतो की पाण्याने भरलेल्या जुन्या खाणकामाच्या ६० मीटरांच्या आत विनापरवाना काम करू नये. नियम चांगला आहे. परंतु ते साठ मीटर मोजावयाचे कोठून? नकाशावरच्या रेघेपासूनच ना! माझे स्पष्ट मत असे की प्रत्येक कोळसापट्ट्यात जुने नकाशे जमा करण्याबरोबरच जुन्या कामगारांच्या तोंडची माहितीही लिहून घ्यावयास हवी. कागदावर न आलेली शेवटची वर्षे आता केवळ त्यांच्याच आठवणीत आहेत, आणि ती माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

ही गोष्ट सांगितल्यानंतर आठवड्याभराने तो मुलगा आजोबांना घेऊन शाळेत आला. वय ऐंशीच्या घरात, दम लागत होता. मी खुर्ची दिली, चहा मागविला. नातवाने वहीच्या कागदावर आजोबांच्या सांगण्यावरून त्यांच्या बंद पडलेल्या खाणीची आकृती काढून आणली होती. ती टेबलावर पसरली.

"काका, ही शेवटची गॅलरी इथेच थांबली होती?" मी विचारले.

म्हातारबुवांनी चष्मा पुसला. "कागदावर थांबली, गुरुजी. मोजणीवाला बाबू येऊन गेला त्याच्यानंतर आम्ही तीन महिने अजून कोळसा काढला ना. उगवतीच्या अंगाला." मग नातवाकडे वळून म्हणाले, "पेन्सिल दे."

थरथरत्या हाताने त्यांनी रेघ पुढे ओढली, थांबले, आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मी कागदाच्या कोपऱ्यात दिनांक घातला आणि त्याखाली त्यांचे नाव लिहू लागलो.

"थांबा, गुरुजी," ते म्हणाले. "रबर आहे का? ही रेघ चुकली. तिथं पाणी टपकत होतं, म्हणून आम्ही डाव्या हाताला वळलो होतो."